भरतीला दिलेली जागा

कापिताना दिविना, म्हणजे वस्तीची निवडून आलेली प्रमुख, बागेत उतरली ती गुडघ्याएवढे रबरी बूट घालून, आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, "अगं बाई! हे रान कुणी माजू दिलं?"

जोना चार हात अंतरावर चिखलात उभी होती. तिचा कोयता हातातच राहिला. काठावर, पालथ्या बादलीवर, तिची अडीच वर्षांची इया बसली होती. पोरीच्या पायांत बूट होते आणि बुटांच्या आत पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशव्या. गल्लीतल्या बायका त्यावरून जोनाला हसत. हसोत बापड्या.

"रान नाही, कापिताना. सासा आहे," जोना म्हणाली. "मीच लावलाय."

"लावलास? सासा? अगं, खाडीत फुकट वाढतो तो! तो लावायला कॉलेजात गेली होतीस?" कापिताना मागे वळून हसली. तिच्या मागे नगरपालिकेचा एंजिनीअर बाल्देरामा मोजपट्टी घेऊन उभा होता. तोही हसला. त्याचे बूट कोरे करकरीत होते, म्हणून तो रस्त्यावरच थांबला होता.

सान रोकितोत या जागेला नाव नव्हतं. बालवाडीच्या मागचं लवण, एवढीच तिची ओळख. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला खाडीकडे जाणारा ओहोळ आणि मध्ये रस्त्याच्या खाली गेलेली सहा घरं. घरं काही आपण होऊन खाली गेली नव्हती. दर निवडणुकीच्या आदल्या वर्षी रस्ता वीत-दीड वीत वर चढे. नवं काँक्रीट पडलं की त्यावर नारळ फुटावा तशी एक फीत कापली जाई, फोटो निघे, आणि खालच्या घरांच्या दारात आणखी एक पायरी वाढे. उतरायची पायरी. ज्याच्या हातात चार पैसे येत तो आधी आपल्या अंगणात भराव टाकून घेई. त्यात गैर असं कुणालाच वाटत नसे. भरावाने हटलेलं पाणी कुठे जातं हे विचारणं मात्र वाईट दिसे, कारण ते शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाई.

जोनाच्या स्वयंपाकघरात ते गेल्याच्या गेल्या वर्षी गेलं. अमावास्येचं उधाण, वर नैर्ऋत्येचा पाऊस. तीन दिवस पाणी हललं नाही. तिचा नवरा रेनान लांबच्या मत्स्यतळ्यावर राखणीला होता. चौथ्या दिवशी इयाला ताप भरला, पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले. लेप्टो. अकरा दिवस पोर सरकारी दवाखान्यात सलाईनवर होती, आणि अकरा दिवस जोना तिच्या लघवीचा रंग बघत बसली होती.

दवाखान्यात नेलं ते बरांगायच्या, म्हणजे वस्तीच्या कारभाराच्या, रुग्णवाहिकेने. रुग्णवाहिका लोकांच्या करातून आलेली, पण तिच्या दोन्ही अंगांवर कापिताना दिविनाचा हसरा चेहरा होता, माणसाच्या उंचीचा. त्या चेहऱ्यामागे बसून पोर दवाखान्यात गेली आणि परत आली. तेव्हापासून जोना रस्त्यात दिसली की कापिताना विचारी, "काय म्हणते आमची इया?" आमची! जोना खाली बघून म्हणे, "तुमच्या कृपेने बरी आहे." आणि घरी येऊन भांडी आपटी.

शेतकी शिकलेली बाई ती. पोर बरी झाल्यावर तिने भिंतीवरचं भरतीचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. लवणात बांबूच्या खुणा रोवल्या आणि तीन महिने बघत राहिली. पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, ओहोटीला कोणत्या फटीतून परत जातं. अर्धी गल्ली म्हणाली, आजारपणाने हिच्याच डोक्यावर परिणाम झाला. मग तिने कागदावर बाग काढली. तिचा हिशोब सरळ होता. पाण्याला अडवायचं नाही, अडवलेलं पाणी चिडतं. त्याला बसायला जागा द्यायची आणि जायला वाट ठेवायची.

ओहोळाच्या तोंडाशी सासा, म्हणजे खाऱ्या चिखलातला तो बुटका माड. तो लाटेचा जोर मोडतो, गाळ धरतो. मधल्या खोलगटात काहीच नाही, नुसता चिखल आणि त्यावर पसरणारी जाड पानांची खारी घोळ, दांपालित. तिचं लोणचं बाजारात विकलं जातं. कडेने उंचवटे: नारळाच्या शेंड्या, तळ्यातला गाळ, कालवांच्या शिंपल्या, बाहेरून बांबूचं विणकाम. खालच्या थराला अळू, वरच्या थराला रताळी आणि मायाळू, अगदी माथ्यावर शेवगा. पहिल्या वर्षी निम्मा शेवगा करपून मेला. मीठ मुळाशी पोचलं होतं. मग जोनाने बालवाडीच्या पत्र्याचं पावसाचं पाणी पिंपात घेतलं आणि नळीने उंचवट्यांवर सोडलं, मीठ धुऊन निघावं म्हणून. दुसऱ्या वर्षी शेवगा जगला.

आणि त्या वर्षी पाणी सहाही घरांच्या उंबऱ्याला टेकून परत गेलं. एकदाच नाही, चार उधाणांना. शेजारच्या म्हाताऱ्या नानाय पासिंगने, जी चाळीस वर्षं सासाच्या झावळ्या विणून छपरं करत आली होती, उंबऱ्यावर बोट ठेवून दाखवलं होतं, "इथवर आलं, आणि गेलं. घरात पाऊल नाही टाकलं मेल्याने."

त्या बागेला कापिताना रान म्हणत होती.

"ऐक," कापिताना काठावर बसत म्हणाली. "नगरपालिकेची स्पर्धा आहे. हवामानाला तोंड देणारी बाग. पहिला नंबर आला की बाग पक्की बांधायला निधी. आपल्या गावात बाग आहे, मी म्हटलं. तुझं नाव सांगितलं मी त्यांना!"

जोनाला क्षणभर बरं वाटलं. पुढे त्याचीच तिला सगळ्यात जास्त चीड आली.

एंजिनीअरने रस्त्यावरूनच आराखडा उलगडला. लवण दगडमातीने भरून रस्त्याच्या पातळीला आणायचं. वर फरशी. मध्ये कारंजं. कडेला कुंड्या. दर्शनी बाजूला एक कमान, आणि माणसाएवढ्या अक्षरांत 'आमचं हिरवं सान रोकितो', पुढे उभं राहून फोटो काढायला.

"हे पाणी कुठे जाईल?" जोनाने विचारलं.

"कुठलं पाणी?" एंजिनीअर म्हणाला.

"भरतीचं."

"भराव घातल्यावर इथे पाणी येणारच नाही ना, मॅडम."

जोनाने सहा घरांकडे बघितलं. एंजिनीअरने मोजपट्टी गुंडाळली.

"अर्जावर आराखडा करणाऱ्याची सही लागते," कापिताना म्हणाली. "शेतकीचा पदवीधर पाहिजे, तोही त्याच वस्तीत राहणारा. अशी तू एकच. परीक्षक आले की इंग्रजीतून चार वाक्यं बोलायची, बस. करशील ना? आमच्या इयासाठी तरी?"

अशा वेळी सरळ नाही म्हणायची सान रोकितोत रीत नाही. नाही म्हणायचं असेल तर माणूस म्हणतो, बघते. ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं आणि विषय बदलायचा, म्हणजे दोघांचीही लाज राहते. जोना म्हणाली, "बघते, कापिताना." मग कापितानाने एक कागद पुढे केला, ही नुसती नावनोंदणी म्हणाली, म्हणून तिने फुलीपुढे सही केली. कापितानाला 'बघते'चा अर्थ काय कळला नव्हता? चाळीस वर्षं ती याच गावात राहत होती. पण लोकांची लाज आपल्या खिशात घालायची सवय झालेल्या माणसाला अर्थ कळूनही उपयोग नसतो.

तीन दिवसांनी सकाळी जोना बाहेर आली तर बालवाडीच्या भिंतीवर फ्लेक्स लागला होता. कापितानाचा चेहरा, शेजारी आमदाराचा, आणि खाली बारीक अक्षरांत: आराखडा, जोनालिन आबासोलो, शेतकी पदवीधर. आणि लवणात चार माणसं कोयते घेऊन सासा तोडत होती.

"थांबा! अहो थांबा! कुणी सांगितलं?"

"फ्लेक्सवर तुमचंच नाव आहे की ताई," त्यातला एक म्हणाला आणि त्याने आणखी एक बुंधा आडवा केला.

दुपारी ट्रक आला. बोगनवेल, क्रोटन, गुलाब, लाल पानांची कसलीशी झाडं, सगळी कुंड्यांत, आणि प्रत्येक कुंडीला रोपवाटिकेच्या नंबराची चिठ्ठी. उसनी आणलेली. शनिवारी परीक्षक, रविवारी झाडं परत. हेही नवं नव्हतं. दर स्पर्धेला शहराकडची तीच झाडं गावोगाव फिरतात. परीक्षकांनाही आता त्यातली काही तोंडओळखीची झाली असतील.

रस्त्यालगतच्या घरातली मर्सी, वयाने मोठी म्हणून सगळे तिला आते मर्सी म्हणत, सगळ्यांत पुढे होती. ती मायाळूच्या वाफ्यावर कुंड्या मांडत होती, वेलांच्या डोक्यावरच.

"आते, खाली भाजी आहे!"

"भाजी कुठे पळून जातेय? दोन दिवसांचा तर प्रश्न." मर्सीने कमरेवर हात ठेवले. "तुला काय वाटतं जोना, आम्हाला हा चिखल बघायला आवडतो? माझी बहीण परदेशातून आली, म्हणाली, मर्सी, तू डासांच्या तळ्याकाठी राहतेस. एकदा तरी गावात काहीतरी नीटनेटकं होऊ दे की!"

"डास होत नाहीत, पाणी सहा तासांत परत जातं. आणि भराव पडला तर ते पाणी नानायच्या घरात जाईल. माझ्या घरात."

"मग तूही भराव घाल," मर्सी म्हणाली, आणि बोलल्यावर स्वतःच जरा ओशाळली. "म्हणजे... कापिताना बघेल ना काहीतरी तुमचं."

"कसं बघेल? रुग्णवाहिका पाठवून?"

मर्सीने तोंड फिरवून एक गुलाब उगाच सरळ केला.

संध्याकाळी भरती आली. साधी भरती, उधाण नव्हे. पण तोंडाशी सासा उरला नव्हता. पाणी थेट आत घुसलं, एका उंचवट्याचं विणकाम उसवलं आणि नानाय पासिंगच्या उंबऱ्यापाशी आलं. म्हातारीने खराटा आडवा धरला. पाणी काय खराट्याला ऐकतं? विटेएवढं आत आलं आणि थांबलं. जोना इयाला उचलून टेबलावर बसवून धावली. दोघींनी मिळून तांदळाचा डबा वर ठेवला.

"तुझ्या नावाने चाललंय ना हे?" नानाय म्हणाली. रागाने नव्हे. खरंच विचारल्यासारखं.

जोनाला तोंडात मारल्यासारखं झालं. घरी येऊन तिने इयाचे पाय साबणाने तीनदा धुतले, पोर पाण्यात उतरलीच नव्हती तरी. पोटऱ्या, घोटे, बोटांच्या बेचक्या, एकेक करून बघितल्या. कुठे ओरखडा नव्हता. तरी हात थांबेनात, तेव्हा इया म्हणाली, "मम्मा, दुखतं."

शनिवारी तीन परीक्षक आले. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक कार्यालयातली बाई आणि एक तरुण मुलगा, ज्याच्या गळ्यात कॅमेरा होता. आधी खाणं. शेवयांचा डोंगर, वाफवलेले तांदळाचे केक, थंड सरबत. खाणं संपेपर्यंत बागेकडे कुणी बघितलं नाही. मग गुणपत्रिका निघाल्या. स्वच्छता तीस गुण, रंगसंगती पंचवीस, प्रवेशद्वार वीस. लोकसहभाग पंधरा, हवामान दहा.

जोनाने ते मुख्याध्यापकांच्या खांद्यावरून वाचलं. पुन्हा वाचलं.

"आणि या आमच्या आराखडाकार!" कापितानाने तिला पुढे ओढलं. "हिच्या मुलीचा जीव वाचला ना आमच्या रुग्णवाहिकेने, तेव्हापासून हिने गावासाठी काहीतरी करायचं ठरवलं. बोल, जोना!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोनाच्या कडेवर इया होती. जोनाने टाळ्या संपायची वाट बघितली. तिला भांडता येत नसे. भांडण झालं की आधी तिचेच डोळे भरत.

"ही बाग माझी नाही," ती म्हणाली. इंग्रजीतून नाही, सगळ्यांना कळेल अशा बोलीत. "माझी बाग हिच्या खाली आहे."

मुख्याध्यापकांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे?"

जोनाने वाकून एक कुंडी उचलली. मग दुसरी. एका हाताने जमेना, तेव्हा तिने इयाला नानायकडे दिलं आणि तिसरी, चौथी उचलून बाजूला ठेवली. खाली चेपलेली मायाळू होती, काळीनिळी, रस गळणारी. "या झाडांना नंबर आहेत, सर. ही उद्या परत जाणार. आणि निधी आला की हे लवण भरणार. भरलं की भरतीचं पाणी या सहा घरांत. सासा तोडला त्याच संध्याकाळी नानायच्या घरात आलंय, जमीन अजून ओली आहे, आत येऊन हात लावून बघा. हवामानाला तोंड कोण देणार आहे इथे? कारंजं?"

कॅमेरावाला मुलगा हसला, आणि कुणी हसत नाही म्हणून गप्प झाला.

"हिला बरं नाही," कापिताना हसतमुखाने म्हणाली. "रात्र रात्र जागते बिचारी, पोरीच्या काळजीने."

"मला बरं आहे. माझी पोर आजारी पडली ती याच पाण्याने, कापिताना. तुम्ही रस्ता वर उचललात त्या वर्षी."

मर्सीच्या हातातला सरबताचा जग तिरका झाला आणि थोडं सांडलं.

"अर्ज दाखवा," जोना मुख्याध्यापकांना म्हणाली. त्यांनी फाइल पुढे केली, बहुधा सवयीने, वर्गात मुलाने वही मागितल्यासारखी. तिने शेवटचं पान काढलं. 'नावनोंदणी' कुठेच नव्हती. 'हा आराखडा माझा असून तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे', आणि खाली तिची सही. तिने सहीवर आडवी रेघ मारली, एकदा, मग आणखी एकदा, कागद फाटेल इतकी, आणि शेजारी लिहिलं: माझा नाही. तारीख घातली.

कार्यालयातली बाई हळूच म्हणाली, "सहीशिवाय निधी निघत नाही."

"म्हणूनच," जोना म्हणाली.

परीक्षक निघून गेल्यावर कापिताना तिच्यापाशी आली. आता चेहऱ्यावर फ्लेक्सवरचं हसू नव्हतं. "पुन्हा पोर पिवळी पडली की कुणाला फोन करशील?"

"रुग्णवाहिकेला," जोना म्हणाली. "ती काही तुमच्या आईने आंदण दिलेली नाही."

बोलून गेली आणि डोळे भरले, व्हायचं तेच झालं. पण तोवर कापितानाने पाठ फिरवली होती.

त्या संध्याकाळी गल्लीत कुणी तिच्याशी बोललं नाही. पहिल्या नंबराला निधीबरोबर घरटी तांदळाची गोणी होती, ती गेली. मर्सी आपल्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "शिकलेल्या बायका! स्वतःचं घर कोरडं राहिलं की झालं." रेनानने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सासाची रोपं आणतो इकडून. किती लागतील?"

सोमवारी बालवाडी, तीही कापितानाच्याच हाताखालची. दारावर नव्या सत्राची यादी लावलेली असते, बत्तीस नावं. एकोणिसावं नाव इयाचं होतं, शुक्रवारपर्यंत. आता त्यावर काळ्या पेनाची जाड रेघ होती.

जोना यादीसमोर उभी राहिली. मोठ्यांचं भांडण मोठ्यांशी. रेघ मारायला अडीच वर्षांची पोर सापडली? आणि त्याच वेळी, का कोण जाणे, तिची भीती गेली. गेली म्हणजे कुठेतरी मागे राहिली.

टीचर जोसी दारात आली. नजर वर करेना. "आते जोना, वर्ग भरलाय म्हणे."

"कोण म्हणे?"

"मला वरून सांगितलंय."

"बत्तीस पाट आहेत आत. मी मोजलेत. यादीत आता एकतीस नावं आहेत."

"आते, माझी नोकरी आहे हो."

"आणि माझी मुलगी आहे. तुझं पेन दे जरा."

टीचर जोसीने दिलं नाही, पण पेन तिच्या खिशालाच अडकवलेलं होतं. जोनाने ते काढून घेतलं तेव्हा तिने हातही धरला नाही. जोनाने यादीच्या तळाशी, बत्तिसाव्या नावाखाली, इयाचं पूर्ण नाव लिहिलं. आईचं नाव, बापाचं नाव, घराचा नंबर. अक्षर तिरकं आलं. पेन परत खिशाला अडकवलं.

मागे दोघीतिघी आया पोरांना घेऊन ताटकळत होत्या. त्यांत खालच्या घरातली एक होती. तिने आपल्या मुलाला पुढे ढकललं आणि म्हणाली, "जा, इयाचा हात धर, आत घेऊन जा."

टीचर जोसी दारातून जराशी बाजूला झाली. पूर्ण नाही, दोन लहान मुलं जातील एवढीच.

जोनाने वाकून इयाच्या बुटांतल्या पिशव्या काढल्या आणि तिला आत सोडलं. मग ती तिथेच, दाराच्या बाहेर पायरीवर बसली. सुटीची घंटा होईपर्यंत उठायची नव्हती ती. कुणी उठवायला आलं तर येऊ दे.